निहाली ऐकायला जळगाव जामोदला

निहाली भाषेवर पीएचडी करतेय, त्यासाठी जळगावला जातेय म्हटलं की पुण्यात हमखास विचारतात, "म्हणजे खान्देशात का?" नाही हो, हे जळगाव जामोद, बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं आणि एसटी धरायची. उन्हानं सीट तापलेली होती, त्याचं काही वाटलं नाही. शेजारच्या काकांचं मात्र वाटलं. कुठं, कशाला, अशी चौकशी झाली आणि ते म्हणाले, "ती कसली भाषा? अर्धी कोरकू, अर्धी मराठी. नुसती खिचडी!"

वस्तीवर पोचेपर्यंत माझा राग उतरला नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, आणि त्यांनाही हेच ऐकवायचं? कोरकूचे, म्हणजे शेजारच्या कोरकू आदिवासींच्या भाषेचे, शब्द निहालीत भरपूर आहेत, दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत, सगळं खरं. पण खाली जो गाभा उरतो तो कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही, हे कौपर या डच अभ्यासकानं 1962 मध्येच मांडलं होतं. आणि खुर्ची, तारीख हे अरबी शब्द रोज वापरणाऱ्या मराठीला कुणी खिचडी म्हणतं का?

दुपारी ओसरीवर आजी सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. हात थांबवायला त्या तयार नव्हत्या, म्हणून रेकॉर्डिंगभर सुपाची सळसळ आहे. मी मराठीत विचारायचं, त्यांनी निहालीत सांगायचं. एका शब्दाला बाजेवरचे आजोबा उठून बसले. "हा आपला नाई, कोरकूचा हाय." आजींनी सूप खाली ठेवलं. "माही माय असंच बोले. मंग हे कोनाचं होय?"

आजोबा ऐकेनात, आजीही हटेनात. दोघं निहालीत भांडू लागले, शेजारच्या बायाही येऊन सामील झाल्या. शब्दसूची राहिली बाजूला. एकमेकांना तोडत, चिडवत चाललेलं इतकं मोकळं बोलणं मला प्रश्न विचारून कधीच मिळालं नसतं. मी फक्त बॅटरी बदलली. मग काळा चहा आला, भाकरी-ठेचा आला, नको म्हणायची सोयच नव्हती.

पुढचे दिवस क्रियापदांत आणि उन्हात गेले.

माझ्या शब्दकोशात कुठला शब्द कुठून आला याचा रकाना असेल, तो लागतोच. पण उसना म्हणून एकही शब्द गाळणार नाही. शासनदरबारी आधीच गाळागाळ झालीय: 10,000 पेक्षा कमी भाषक असले की जनगणनेच्या तक्त्यात भाषेचं नावही येत नाही.

आजींची नात सगळं समजत होती, उत्तरं मात्र मराठीत देत होती. शाळा मराठी, टीव्ही हिंदी, तिनं तरी काय करावं? तिथल्या अंगणवाडीत मुलांशी निहालीत बोलणारी एक ताई हवी. वस्तीतलीच. माझ्या प्रबंधापेक्षा ते जास्त गरजेचं आहे, आणि तेही आत्ता, आजी आहेत तोवर.