कुलूप जागेवरच होतं

काकू आल्या होत्या बॅगेचं चाक बदलायला. मुलीकडून अमेरिकेहून येताना तुटलेलं. बॅग मीच विकलेली, कापडी, मोठी. चाक बसवून झालं की मी चेनचा रनर एकदा सगळीकडून फिरवून बघतो. तो एका कोपऱ्यात किंचित अडला. बोट लावलं तर तिथली कॉइल, म्हणजे चेनची वेटोळी, फाकलेली आणि कडेच्या कापडी टेपवर निळ्या शाईचा बारीक ठिपका.

"काकू, ही चेन कोणीतरी पेनने उघडलीय."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. पाटल्या आणि कानातले बॅगेत होते. घरी आल्यावर चार दिवस बॅग तशीच पडून होती. पाचव्या दिवशी उघडली तर दागिन्यांची डबी रिकामी. कुलूप मात्र जागेवर, नंबरही तोच. म्हणजे घरातल्याच कोणीतरी नंबर लावून उघडली, असं सगळ्यांनी ठरवलं. अकरा वर्षं कामाला असलेल्या बाईंना दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं.

मी रॅकवरून तसलीच बॅग काढली. दोन्ही रनरमध्ये कुलूप अडकवलं, नंबर फिरवला आणि बॉलपेनचं टोक चेनच्या मधोमध दाबलं. नायलॉनची चेन म्हणजे एकमेकांत गुंतलेली दोन वेटोळी. टोक घुसलं की उकलत जातात. आत हात घातला, बाहेर काढला. मग कुलपासकट दोन्ही रनर एकत्र धरून उकललेल्या भागावरून फिरवले. मागे चेन पुन्हा बसत गेली. एक मिनिटही लागलं नाही. काकू बघतच राहिल्या.

हे मला ठाऊक होतं, आणि तरी बॅग विकताना "सुरक्षित आहे ना?" असं त्यांनी विचारल्यावर मी कुलपावरचं लाल चौकटीचं चिन्ह दाखवलं होतं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की अमेरिकेतल्या तपासनिसांकडे त्याची मास्टर चावी आहे. त्या चाव्यांचा फोटो २०१४ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढच्याच वर्षी लोकांनी त्यावरून चाव्या बनवल्या. आमच्या धंद्यात कुलूप दाखवून बॅग खपते, चेनबद्दल कोणी बोलत नाही. खरं तर रनरची टोकं बॅगेच्या अंगातच बसवलेल्या कुलपात अडकायला हवीत. पेनने ती चेनही उघडते, पण रनर हलत नाहीत, त्यामुळे ती परत बसवता येत नाही आणि बॅग विमानतळावरच्या पट्ट्यावर येते तेव्हाच चोरी दिसते. त्याहून बरी बिनचेनची, कडीवाली कडक बॅग. जड असते, विमानात मिळणाऱ्या २३ किलोंतले दोन-तीन खाते, म्हणून गिऱ्हाईक नको म्हणतं आणि आम्हीही आग्रह धरत नाही. आणि सोनं कुठल्याच बॅगेत घालून खाली सोडायचं नाही, ते हातातल्या पर्समध्येच. विमान कंपन्यांच्या नियमांतच लिहिलेलं असतं की चेक-इन सामानातल्या दागिन्यांची जबाबदारी त्यांची नाही. बॅगेतलं काही गेलं तर लेखी तक्रारही सात दिवसांत करावी लागते. ते दिवस इथे बॅग पडून राहण्यात आणि त्या बाईंवर संशय घेण्यात गेले.

ठिपका म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे, हेही मी काकूंना सांगितलं. पण नंबर माहीत असलेल्याला पेन कशाला लागेल?

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, हे तिच्यासमोर करून दाखवाल?"

मी हो म्हटलं. त्याला आता तीन आठवडे झाले. बॅग दुकानातच आहे. चेन मी बदललेली नाही.