मनगटावरचा घट्टा

आमच्या थोरल्याच्या उजव्या मनगटावर चावून चावून घट्टा पडलाय. वय नऊ, ऑटिझम, बोलणं चार-पाच शब्दांचं. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात महाद्वार रोडला ऐन गर्दीत त्यानं रस्त्यावर अंग टाकलं आणि स्वतःला चावत सुटला. भोवती कोंडाळं. "वळण लावलं न्हाई पोराला," एक बाई म्हणाल्या. मी त्याच्या डोक्याखाली हात धरून बसले होते, नाहीतर उत्तर दिलं असतं.

स्पेशल एज्युकेटर मॅडमनी पहिला प्रश्न पोटाचा विचारला. शौचाला रोज होते का? दात, कान दाखवलेत का? दुखतंय हे सांगता येत नसलं की पोरं अशीही सांगतात म्हणे. निघालीच बद्धकोष्ठता. औषधानं थोडा फरक पडला, चावणं काही थांबेना. मग वही आली. तीन रकाने: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, त्यावर आम्ही काय केलं. तिसरा रकाना लिहिताना मला रागच यायचा. चावतोय तो, हिशेब माझा कशाला?

बारा दिवसांनी वही वाचायला बसले. सतरा नोंदी. त्यातल्या दहा ठिकाणी तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: 'अभ्यास बाजूला ठेवला.' नको असलेलं काम थांबवायचा त्याच्याकडे तेवढाच इलाज होता, आणि तो चालतो हे मीच त्याला शिकवलं होतं. उरलेल्या बहुतेक नोंदी संध्याकाळच्या, जिन्याखालची पाण्याची मोटर सुरू झाली की.

मोटरचं सोपं होतं. आधी तिचा फोटो दाखवायचा, कानाला हेडफोन. अभ्यासासाठी कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लाल पंजा काढून 'थांब'चं कार्ड केलं. हात तोंडाकडे जायच्या आत कार्ड द्यायला लावायचं, दिलं की लगेच दोन मिनिटं सुट्टी. पहिल्या दिवशी तेवीस वेळा दिलं! आत्याबाई म्हणाल्या, "असं लाड केलं तर शिकणार कवा?" खरं तर मलाही तेच वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, आधी कार्डावर त्याचा विश्वास बसू दे, मग 'अजून एक अक्षर, मग थांब' असं वाढवत न्या. तीन महिने गेले त्यात. मधे डॉक्टरांनी रिस्पेरिडोन या औषधाचा विषय काढला होता. चिडचिड कमी होऊ शकते, ऑटिझम जात नाही, भूक-वजन वाढू शकतं, असं स्पष्ट सांगितलं. तूर्त दिलेलं नाही. लागलं तर देऊ, त्यात कसला कमीपणा.

चावणं अजून आहे, आठवड्यातून एखादवेळी. पाहुणे आले की जास्त. परवा रंकाळ्यावर एक फुगेवाला अगदी कानाशी पिपाणी वाजवायला लागला. यानं खिशातून कार्ड काढलं आणि मला न देता थेट त्याच्या हातात ठेवलं. फुगेवाल्यानं ते उलटंपालटं करून बघितलं, पिपाणी काखेत मारली आणि मला विचारलं, "वैनी, ह्ये काय हाय?"