ओठ जड झाला, तरी दाढ दुखतेच

रात्रभर ठणकणारी खालची दाढ. इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, आणि ड्रिल टेकताच पेशंट कळवळतो. अशा वेळी त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला खरंच दुखतं.

मज्जातंतूच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून सोडियम आत शिरतो, तेव्हा वेदनेचा संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध ही दारं अडवतं, पण आतल्या बाजूने. त्यासाठी आधी आवरण ओलांडावं लागतं, आणि ते विद्युतभार नसलेल्या रेणूंनाच जमतं. पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) 7.4 असताना असे रेणू साधारण 24 टक्के असतात. सुजलेल्या जागी आम्लता वाढून पीएच 6.9 झाला, तर उरतात जेमतेम 9 टक्के. शिवाय सुजेमुळे तंतूही जास्त संवेदनशील झालेले असतात.

म्हणून सुजेतच सुई घालण्यात अर्थ नाही. दूर, जबड्याच्या आतल्या बाजूला मज्जातंतू हाडात शिरतो तिथे ब्लॉक, म्हणजे तो अख्खा मज्जातंतूच बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा. सुई हाडाला टेकली की किंचित मागे घ्यायची, पिस्टन ओढून रक्त येतंय का पाहायचं, मग दीड मिली औषध निदान मिनिटभर लावून सोडायचं. सुई नेमक्या जागेच्या खाली टोचली गेली तर ब्लॉक हुकतो. पण नेमका बसला तरी ओठाआधी दाढ बधिर होत नाही; 10 ते 15 मिनिटं थांबावं लागतं. ओठावर विसंबू नये. दाढेला थंड फवाऱ्याचा बोळा लावावा. कळ आली तर ड्रिल नको. अशा वेळी दाढेच्या गालाकडच्या बाजूला 4 टक्के आर्टिकेन हे दुसरं बधिर करणारं औषध दिल्याने बऱ्याचदा काम होतं.

पुन्हा पुन्हा टोचताना हिशोब सुटतो, तोच धोका. 2 टक्के लिग्नोकेनच्या 1 मिलीत 20 मिलिग्रॅम औषध असतं. सोबत अ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) असेल तर मोठ्या माणसाला किलोमागे जास्तीत जास्त 7 मिलिग्रॅम, एकूण 500 च्या आत. म्हणजे 60 किलोला 21 मिली. अ‍ॅड्रेनालिन नसेल तर किलोमागे 4.5, म्हणजे 13.5 मिली. मुलांना किलोमागे 4.4 धरावं, 15 किलोच्या मुलाला 3 मिलीच्या थोडं पुढे मर्यादा संपते. तोंडाभोवती मुंग्या, धातूची चव, कानात गुणगुण जाणवली, तर तिथेच थांबायचं.

पेशंट मूल असेल, तर घरी जाताना आईला सांगावं: बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत मूल ओठ चावत नाही ना, यावर लक्ष ठेवा आणि तोवर खायला देऊ नका.