व्हिटबीच्या पायऱ्या

इंग्लंडमधल्या मिडल्सबरोहून व्हिटबी या समुद्राकाठच्या गावाला जाणारी गाडी जेमतेम दोन डब्यांची. पस्तीसेक मैलांना दीड तास घेते आणि वाटेत बॅटर्सबी स्टेशनात तोंड फिरवते. ड्रायव्हर उतरतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट्या दिशेने निघते. लहानपणी तिथे मी आणि बाबा जागांची अदलाबदल करायचो. या ऑगस्टमध्ये मी एकटीच होते, तरी बॅटर्सबी आलं तशी उठले आणि समोरच्या सीटवर जाऊन बसले.

डॅनबीच्या पुढे माळावर हेदर फुललं होतं. कासच्या पठारासारखं, पण सगळं एकाच जांभळ्या रंगाचं. मग एस्क नदी गाडीसोबत धावू लागली आणि शेवटी तो लाल विटांचा तेरा कमानींचा उंच पूल डोक्यावरून गेला. त्याच्यावरची रेल्वे १९६५ सालीच बंद झाली. वरून गाडी का जात नाही, हा माझा बाबांना दरवेळचा प्रश्न असायचा.

आम्ही व्हिटबीला गेलो ते १९७३ मध्ये. मी पाच वर्षांची होते. बाबा डॉक्टर. त्या काळात इंग्लंडमधल्या अशा कोपऱ्यातल्या गावांच्या दवाखान्यांना भारतातून गेलेल्या डॉक्टरांचा मोठा आधार होता. आई रत्नागिरीची, समुद्राकाठची. पण हा समुद्र तिला पहिल्यांदा परका वाटला. ऐन मे महिन्यात बोटं गारठायची आणि कधीकधी समुद्रावरून अचानक धुकं यायचं. तिथले लोक त्याला ‘फ्रेट’ म्हणतात. धुकं आलं की कड्यावरचा भोंगा वाजायचा. त्याचं नाव ‘हॉस्करचा बैल’. रात्री तो हंबरला की मी आईच्या कुशीत शिरायचे. आता तो भोंगा बंद झालाय. यावेळी दोन रात्री मी उगाचच त्याची वाट पाहिली.

आईला गाव जवळचं वाटू लागलं ते बांगड्यामुळे. उन्हाळ्यात धक्क्यावर पोरंटोरं गळ टाकून मॅकरेल काढायची, आणि मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. रत्नागिरीहून पार्सलने आलेलं कोकम आणि तिरफळं घालून आईने तिखलं केलं त्या दिवशी ती घरात पहिल्यांदा गुणगुणली. हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून चाललेलं फॉर्च्युनचं धुरघर आहे. तिथे ओकच्या धुरावर हेरिंग मासे टांगून किपर करतात. तो वास आईला अंगणात वाळत घातलेल्या सुक्या मासळीची आठवण करून द्यायचा. परवा त्या गल्लीत शिरले आणि वास आला, तेव्हा मला आमचं व्हिटबीतलं स्वयंपाकघर आठवलं.

गाव नदीने दुभंगलेलं आहे. दोन्ही काठ जोडणारा पूल १९०८ सालचा. बोटी जायच्या असल्या की तो मधून उघडतो आणि दोन्हीकडे माणसं खोळंबतात. शाळेत उशीर झाला आणि ‘पूल उघडा होता’ असं सांगितलं की बाई काही बोलत नसत. पुलाजवळच ग्रेप लेनमध्ये, १७४६ साली कोळशाच्या जहाजांवर उमेदवारी करायला आलेला, पुढे नामवंत दर्यावर्दी झालेला जेम्स कुक ज्या मालकाकडे कामाला होता, त्याचं घर आहे. पाहुणे तिथे रांगा लावतात. मी वळले दुसरीकडे, जेटच्या दुकानांकडे.

जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या लाकडाचा झालेला काळा, हलका दगड. १८६१ साली प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने दुखवट्यात जेटचे दागिने घातले आणि व्हिटबीच्या कारागिरांना उसंत राहिली नाही. आमच्या शेजारच्या आजींच्या मनात काळे मणी म्हणजे दुखवटा, हे पक्कं बसलेलं होतं. एकदा बेकरीच्या रांगेत त्यांनी आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, हळूच तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, “कोण गेलं, लव्ह?” आईचं इंग्रजी तेव्हा बेताचंच. तिला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तशी ती म्हणाली, “नो, नो. हजबंड इज देअर. दॅट इज व्हाय.” आजींनी तिच्याकडे पाहिलं, मण्यांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या स्वतः विधवा होत्या, हे आम्हाला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या ‘ॲपल पाय’ घेऊन आल्या. मला त्यांनी वाळूत सापडलेला जेटचा तुकडा दिला आणि तो पारखायचा कसा तेही शिकवलं. फरशीच्या खडबडीत पाठीवर घासला की तपकिरी रेघ उठते, कोळशाची काळी उठते. स्वेटरवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे टुणकन उडी मारून चिकटतात. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. अंगठ्याएवढा, एका कडेला टवका गेलेला.

आणि मग पायऱ्या. पूर्वेच्या काठावरून सेंट मेरी चर्चकडे आणि पडक्या मठाकडे जाणाऱ्या. गावाच्या हिशेबाने त्या १९९. १७७४ पर्यंत लाकडी होत्या, मग दगडी झाल्या. मध्येमध्ये बाकं आहेत. वर दफनभूमीकडे नेताना खांदेकरी तिथे शवपेटी टेकवत. या पायऱ्यांवर आईने मला मराठी आकडे शिकवले. एका पायरीला एक आकडा. चुकलं की थांबायचं, खाली उतरायचं नाही. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात माझा गोंधळ व्हायचा, आणि मग आम्ही दोघी बाकावर बसून बंदरातल्या बोटी मोजायचो.

वर पोचलं की बाबा मठाची गोष्ट सांगत. इसवी सन ६६४ मध्ये इथेच धर्मगुरूंची सभा भरली आणि ईस्टर कधी साजरा करायचा यावर वाद झाला. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेचा हिशेब दोन बाजूंचा वेगळा येत होता, आणि अखेर रोमची पद्धत मान्य झाली. शाळेत हे ऐकून सगळी मुलं जांभया देत. आईने मात्र कान देऊन ऐकलं. आमच्या स्वयंपाकघरात मामाने पाठवलेलं कालनिर्णय टांगलेलं होतं. “तिथीवरून भांडणं होणारच,” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिला ते भग्न दगड आपले वाटू लागले.

आमचं भांडण मात्र पायऱ्यांच्या संख्येवरून. गाव म्हणे १९९, माझी मोजणी १९९, आईची कायम १९८. कारण ती पहिल्या पायरीला वाकून हात लावायची, हात कपाळाला टेकवायची आणि मगच मोजायला सुरुवात करायची. “पहिली देवाची. ती मोजायची नसते.” माझ्या वर्गातल्या कुणी पाहिलं तर, म्हणून मी चार पावलं पुढे पळायचे.

आई आता रत्नागिरीत असते. गुडघे प्रवासाला साथ देत नाहीत. निघताना तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, “वर गेलीस की फोन कर.”

सकाळी सातला गेले, गर्दी व्हायच्या आत. रात्रीच्या पावसाने पायऱ्या ओल्या होत्या, शेजारची गोट्या बसवलेली गाढववाट चकचकत होती. वर चर्चच्या आवारात समुद्राच्या वाऱ्याने थडग्यांवरची नावं खाऊन टाकलेली आहेत. त्यातल्याच एका दगडाला टेकून मी व्हिडिओ कॉल लावला. आईला आधी समुद्र दाखवला, मग मठ, मग खालची लाल कौलं. ती काहीच बोलेना. मग चष्मा सारखा करून म्हणाली, “किती भरल्या?”

“एकशे अठ्ठ्याण्णव.”