नदीकाठच्या मोटारींचा हिशेब

2017 चा पावसाळा नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात दगा देऊन गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात इंदूरला जी तांत्रिक बैठक झाली, ती मला अजून तपशिलासकट आठवते. मी तेव्हा मध्य प्रदेशच्या बाजूने बसायचो. काम ऐकायला भारदस्त, पण प्रत्यक्षात वाण्याच्या खतावणीसारखं: कुठल्या धरणातून किती पाणी उचललं, किती वाफ होऊन गेलं, किती खाली सोडलं, याचा दर दहा दिवसांचा तक्ता जुळवायचा. नर्मदेचं पाणी चार राज्यांत ठरल्याप्रमाणे वाटलं जातं की नाही हे बघणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय इंदूरलाच आहे. त्यामुळे बाकी तीन राज्यांची, म्हणजे गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थानची, माणसं विमानाने नाहीतर रात्रीच्या गाडीने यायची आणि मी रामबागेतून स्कूटरवर.

लोकांना वाटतं की अशा बैठकांत वाट्यावरून भांडणं होत असतील. पण वाट्यावर भांडायला जागाच नव्हती. 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली 1969 मध्ये लवाद बसला, त्याने दहा वर्षं घेतली आणि डिसेंबर 1979 मध्ये निवाडा राजपत्रात आला. चारपैकी तीन वर्षं तरी नदीत 28 दशलक्ष एकर-फूट पाणी मिळेल असं धरून मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. यातले शेवटचे दोन आकडे तर लवादाने काढलेलेही नाहीत. जुलै 1974 मध्ये तीन मुख्यमंत्री आणि गुजरातच्या राज्यपालांचे सल्लागार (तिथे तेव्हा राष्ट्रपती राजवट होती) यांनी आपसांत बसून ते ठरवले आणि उरलेले 27.25 वाटायला लवादापुढे ठेवले. राजस्थानातून नर्मदा वाहतसुद्धा नाही, तरी अर्धा मिळाला. वकिलांच्या हातात राहिलं असतं तर हे कधी सुटलं असतं, देव जाणे.

निवाड्यात दुष्काळाचीही सोय आहे. पाणी कमी पडलं तर तूटसुद्धा त्याच प्रमाणात वाटायची: 73, 36, 2 आणि 1. त्या वर्षी एकूण उपलब्ध पाणी 28 ऐवजी 14.66 धरलं गेलं होतं, म्हणजे गुजरातच्या पदरात 9 च्या जागी 4.71. गुजरात सरकारने 15 मार्चनंतर उन्हाळी पिकांना नर्मदेचं पाणी मिळणार नाही, असं जाहीर केलं होतं. सरदार सरोवराची पातळी 110.64 मीटरच्या किमान रेषेकडे सरकत होती. अशा वर्षी तक्त्यातला दुसरा दशांशही कोणी सोडत नाही.

भांडण लागलं ते चौदाव्या ओळीवरून. धरणं, उपसा योजना, शहरांचं पिण्याचं पाणी हे सगळं वरच्या ओळींत मोजलेलं असतं. इंदूर शहराला जलूदहून पंपाने येणारं पाणीही त्यातच. चौदावी ओळ होती काठावरच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मोटारी लावून थेट नदीतून उचललेल्या पाण्याची. निमाडात बडवाह ते बडवानीपर्यंत काठाने जा, दरडीवरून काळे पाइप नदीत उतरलेले दिसतात. आमचा आकडा अंदाजाचा होता आणि खरं सांगायचं तर काटकसरीने केलेल्या अंदाजाचा. कारण उघड आहे: आमचा वापर जितका जास्त दिसेल, तितकं आमच्या खात्यात शिल्लक कमी आणि तितकं आमच्या इंदिरा सागर धरणातून खाली जास्त सोडायला लागणार.

गुजरातचे अभियंते वयाने मोठे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी आमच्या तक्त्याची छापील प्रत आणली होती आणि चौदाव्या ओळीला पेन्सिलने गोल केला होता. खिशातून त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं. आमच्याच राज्य सरकारची जाहिरात, शेतीला रोज दहा तास वीज. म्हणाले, "साहेब, काठावरची कनेक्शनं किती ते वीज कंपनीकडून घ्या, हॉर्सपॉवर घ्या, दहा तासांनी गुणा. तुमच्या आकड्याच्या किती पट येतं बघा."

मी म्हटलं, जाहिरातीत दहा तास असतात, तारेत नसतात. सगळे हसले. पण कात्रण टेबलावरच राहिलं.

महाराष्ट्राचे अधिकारी पुण्याहून आले होते. त्यांना एमएएफ, म्हणजे दशलक्ष एकर-फूट, हे माप मुळीच आवडायचं नाही. कृष्णा-गोदावरीत आयुष्य गेलेलं, डोकं टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, चालायचं, त्यामुळे प्रत्येक आकडा ते फोनवर 43.56 ने गुणून बघायचे. चहाच्या वेळी पोह्यांची बशी घेऊन माझ्याजवळ आले.

"अहो, तुम्ही इंदूरकर म्हणजे आमचेच की. जरा आमच्या बाजूने बोला."

"बोललो असतो साहेब, पण पगार भोपाळहून येतो."

"बरं, मग एवढं सांगा. ह्या मोटारींनी समजा एक दशांश एमएएफ वाढलं, तर आम्हाला किती?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच बटणं दाबली. "एकशेबारातला एक हिस्सा. चार शतांश टीएमसी! एवढ्यासाठी मी पहाटे तीनला उठलो."

चेष्टा सोडली तर त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि मला ते पटायचं. महाराष्ट्राला पाणी पाव, पण सरदार सरोवराच्या विजेत 27 टक्के. आम्हाला 57, गुजरातला 16. नंदुरबारची 33 गावं बुडाली ती मुख्यतः या विजेच्या आशेवर. पातळी किमान रेषेखाली गेली आणि बोगद्यातून कालव्यात पाणी घेतलं की नदीपात्रातलं 1,200 मेगावॉटचं वीजघर गप्प. म्हणजे खाली पाणी सोडायला कुरकुरणारे आम्हीच, आणि ते सुटलं तर निम्म्याहून जास्त वीजही आमचीच. गुजरातला पाणी हवं, पण टर्बाइनमधून समुद्राकडे गेलेलं नको. अशा बैठकीत प्रत्येक राज्य दोन खुर्च्यांवर बसलेलं असतं, हे बाहेरच्याला दिसत नाही. वर्तमानपत्रांना वरचा आणि खालचा एवढेच पक्ष कळतात.

चहानंतर वातावरण तापलं. गुजरातचा आग्रह होता की काठावरचा खासगी उपसा कनेक्शनवरून मोजायचा हा नियमच इतिवृत्तात लिहावा, या वर्षापुरता नव्हे, कायमचा. मी मसुद्यात "तूर्तास" घातलं, त्यांनी काढलं. असं चाललेलं असताना सकाळपासून एक अक्षर न बोललेले राजस्थानचे अधिकारी पुढे वाकले.

"नियम चांगला आहे," ते म्हणाले. "आमची सही. फक्त शेवटी एवढं जोडा की हीच पद्धत मुख्य कालव्यालाही लागू राहील."

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सरदार सरोवरातून निघणारा मुख्य कालवा सुरुवातीला 40,000 क्युसेकचा, राजस्थानच्या सीमेवर 2,500 चा आणि मधलं 458 किलोमीटर अंतर गुजरातेतून जाणारं. राजस्थानात सांचोरच्या टोकाशी बसलेल्या माणसाला वाटेतल्या प्रत्येक मोटारीची चिंता असणारच. गुजरातचे साहेब म्हणाले, कालव्यातलं पाणी आमच्या खात्यातलं, त्याचा इथे काय संबंध? राजस्थानचे शांतपणे म्हणाले, "त्यात आमचंही आहे ना भाईसाहेब, थोडंसं."

पुढच्या अर्ध्या तासात आमचं जमलं. कायमचा नियम कोणालाच नको होता. ठरलं असं: चौदाव्या ओळीत तात्पुरता, थोडा वाढवलेला आकडा, ओंकारेश्वर ते बडवानी दरम्यानच्या काही नमुना पट्ट्यांत दोन्ही राज्यांची संयुक्त पाहणी, 30 जूनला पाणीवर्ष संपलं की दुरुस्ती, आणि सीमेवरच्या कालव्याची मोजणी राजस्थानच्या माणसासमोर. मसुदा मी हिंदीत आणि इंग्रजीत टंकायला दिला. गुजरातच्या साहेबांनी कात्रणाची घडी करून परत खिशात ठेवली.

2019 मध्ये लोकसभेने जलविवाद कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं. देशाला एकच कायमस्वरूपी लवाद आणि निकालाला ठरीव मुदत. राज्यसभेत ते पुढे सरकलं नाही. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. दहा वर्षांचं काम तीन वर्षांत करणारा लवाद हवाच, पण त्याच्यापुढे ठेवायचा आकडा कोणी काढायचा, हे काही विधेयकाने सुटणारं नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये निवाड्याला 45 वर्षं पूर्ण झाली. वाट्यांचा फेरविचार आता कधीही मागता येतो. तेव्हा या ओळी पुन्हा निघतील.

संयुक्त पाहणीला मी गेलो होतो. सरकारी जीप बघून गावात बोंब झाली की कनेक्शनं तोडायला आलेत. आम्ही काठावर पोचेपर्यंत बऱ्याच मोटारी उचलून घरात गेल्या होत्या. माझ्याबरोबरच्या तरुण पोराने प्रामाणिकपणे जेवढ्या दिसल्या तेवढ्या लिहिल्या, आणि आमच्या फायद्याचाच आकडा येत होता म्हणून मी काही बोललो नाही. गुजरातचे साहेब मात्र पायजम्याच्या दुमडी वर करून दरडीवरून खाली उतरले. चिखलात पाइप घासून पडलेल्या खाचा ते एकेक मोजत गेले. "मोटार लपते, पाइप ओढल्याची खाच नाही लपत," असं म्हणत त्यांनी वहीत वेगळा रकाना आखला. शेवटी दोन्ही रकान्यांच्या मधला आकडा दोघांनी मान्य केला, सह्या केल्या आणि महेश्वरला घाटाजवळ जेवलो. पुढच्या वर्षीपासून आमच्या तक्त्यात चौदाव्या ओळीखाली बारीक अक्षरांत एक टीप यायला लागली: खाचांच्या मोजणीसह.