पुन्हा अकाउंट्समध्ये

बाईची नोकरी गेली की तिला कुणी बेकार म्हणत नाही. ‘आता घरी असते’ म्हणतात. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला, म्हणजे औद्योगिक वसाहतीतला, आमचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथले अकाउंट्स मी सांभाळत होते. पुढे कित्येक वर्षं मी अर्ज करत राहिले, फोन लावत राहिले. पण दांडिया बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की ऐकायचं ते एकच, ‘बरं झालं, आता निवांत!’ याचा मला अजून राग येतो. पगार बंद झाल्यावर निवांत कोण असतं?

त्यात १ जुलै २०१७ला जीएसटी आला. माझा हात बसलेला आधीच्या व्हॅटवर, म्हणजे राज्याच्या विक्रीकरावर: रिटर्नचा फॉर्म २०१, आणि सगळ्यात वेळखाऊ तो सी फॉर्म, परराज्यातल्या गिऱ्हाइकाकडून घ्यायचा दाखला. त्याने तो दिला तर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर, नाही दिला तर आपल्या राज्याचा पूर्ण दर, आणि असेसमेंटला, म्हणजे कर खात्याच्या तपासणीत, तो फरक आपल्या गळ्यात पडायचा. इंदूर, पुणे, कोइमतूर, कुठे कुठे फोन करून मी ते फॉर्म मिळवले आहेत! मुलाखतीत हे कुणी विचारतच नसे. जीएसटीचा अनुभव नाही म्हटलं की विषय संपला.

मंगळबाजारातल्या एका कापडवाल्या भाईंनी त्यांची रिटर्न मला भरू दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या कामाच्या जोरावर रावपुऱ्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात मला घेतलं.

तिथे दर महिन्याच्या चौदा तारखेला टू-बी येतं, म्हणजे घेणाऱ्याच्या नावावर लागलेल्या खरेदी-बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. विकणाऱ्याने त्याच्या जीएसटीआर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, बिल टाकलं नसेल तर घेणाऱ्याच्या टू-बीत ते दिसत नाही, आणि १ जानेवारी २०२२पासून न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करता येत नाही. लाखाचा माल, अठरा टक्के दर, म्हणजे अठरा हजार विकणाऱ्याला देऊन झाले. तरी तेवढीच रक्कम वीस तारखेच्या आत आपल्या खिशातून पुन्हा भरा. छोट्या कारखानदाराला हे फार लागतं. ऑफिसातली मुलं हुशार आहेत, पण मेल टाकून उत्तराची वाट बघतात. मी फोन करते. मालकाला नाही, त्यांच्या अकाउंटंटला. बिल राहिलंय, की नंबर चुकलाय, की बीटूसीत, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत, गेलंय, हे त्याच्याकडून तिथल्या तिथे कळतं. हे मला सी फॉर्मने शिकवलं.

आता अडकलेलं बिल निघालं की ‘बेन, आ तमे जुओ’ (ताई, हे तुम्ही बघा) म्हणत फाइल माझ्याकडेच येते. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या पार्ट्यांचं ई-इन्व्हॉइसिंगही, म्हणजे बिलांची सरकारी पोर्टलवर नोंदणी, पुढच्या महिन्यापासून मीच बघणार आहे. ते आपणहून मागून घेतलं.