चिकटलेला कूलर, वाळलेली पेस्ट आणि ऐन लग्नसराई: माझा अनुभव

आम्ही नवरा-बायको सांगलीत लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करतो. शूटिंग त्यांचं, एडिटिंग माझं. एप्रिलमध्ये कामं अंगावर आलेली असताना कॉम्प्युटर रेंडरिंगला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ शेवटी तयार करून काढायला, कासावीस व्हायला लागला. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर दोन-चार मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर पोचून तिथेच अडकायचा आणि वेग पाडून घ्यायचा. आमचा प्रोसेसर रायझन ५ ३६००, आणि ९५ ही त्याची कंपनीनेच ठरवलेली कमाल मर्यादा. घर मार्केट यार्डाच्या बाजूला, त्यामुळे हळदीच्या हंगामात कूलरच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या पंख्याच्या ठोकळ्याच्या, पात्यांत पिवळसर धुळीचा थर बसतोच. तो ब्रशने काढला, तरी फरक नाही. म्हणजे राहिली कूलरखालची पेस्ट, प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी. कंपनीतून लावून आलेली, इतकी वर्षं तापून वाळलेली.

रेंडर थांबवून स्वतः खोलत बसायला वेळ नव्हता, म्हणून कॅबिनेट दुकानात दिलं. इथून पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आज देतो, उद्या देतो असं चाललं. मी जाऊन उभी राहिले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कूलर निघतच नाही. प्रोसेसरला वेल्ड झालाय. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवीन टाका." आत पाहिलं तर चारही स्क्रू सोडलेले आणि शेजारी चपटा स्क्रूड्रायव्हर तयार. "जोर लावून काढतो, पण पिना वाकल्या तर आमची जबाबदारी नाही, इथे सही करा," म्हणून कागद पुढे सरकवला. मी सही केली नाही. स्क्रू परत बसवून घेतले आणि कॅबिनेट रिक्षात घालून घरी आणलं.

ते स्क्रूड्रायव्हरचं मला इतकं का लागलं, ते नीट सांगते, कारण आमच्यासारखा एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) कॉम्प्युटर असणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात आणि त्या सॉकेटच्या भोकांत बसतात. त्यांना धरून ठेवायला बाजूला एक खटका आहे, पण प्रोसेसरला वरून दाबून धरणारी लोखंडी चौकट नाही. कूलर बसलेला असताना तो खटका उघडायला जागाही उरत नाही. मग वाळलेल्या पेस्टने कूलर धरून ठेवला आणि तुम्ही सरळ वर खेचलात, तर बंद खटक्यातून प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. पिना वाकतात, एखादी तुटते, आणि चांगला प्रोसेसर भंगारात जातो. इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटना आणि २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ ला वरून चौकट आहे, तिथे ही भीती नाही. आणि स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटणं म्हणजे तर बोर्डावर ओरखडा ठरलेलाच.

वेल्ड वगैरे काही झालेलं नसतं. पेस्ट गार असताना घट्ट असते, तापली की सैल पडते. दुकानात मशीन रात्रभर बंद पडून होतं, सकाळी गारच्या गार खोललं, मग निघणार कसं? एकदा चालू करून तापवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आम्हाला मात्र नव्या बोर्डाचा खर्च सांगून मोकळे!

मी घरी काय केलं: एक जुनं लग्न रेंडरला लावलं आणि दहा-पंधरा मिनिटं चालू दिलं. मग शटडाउन, भिंतीवरचं बटण बंद, वायर काढली, आणि उरलासुरला करंट जावा म्हणून पॉवरचं बटण एकदा दाबून धरलं. कॅबिनेट आडवं केलं. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यातले, थोडे थोडे करत सोडले. एकच स्क्रू पूर्ण सोडला तर दाब एका बाजूला येतो. मग कूलर दोन्ही हातांनी धरून, वर अजिबात न ओढता, आधी डावीकडे अगदी जरासा फिरवला, मग उजवीकडे. पहिल्यांदा काहीच हललं नाही. माझे हात घामेजले होते. घाई न करता तसंच डावं-उजवं करत राहिले आणि एका क्षणी आत काहीतरी सरकल्यासारखं बोटांना जाणवलं. त्यानंतर तो सहज उचलला गेला. प्रोसेसर जागच्या जागी! जीव भांड्यात पडला. जे दुकानात निघत नव्हतं ते घरच्या टेबलावर एका संध्याकाळी निघालं, याचा मला अभिमान आहे.

मशीन चालूच होत नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने कूलर तापवता येतो. आणि एक राहिलंच: या कूलरचे स्क्रू बोर्डाच्या मागच्या पट्टीत जातात. चारही सुटले की ती पट्टीही सुटते, म्हणून मागून कुणाला तरी धरायला सांगा. आमच्याकडे ते काम ह्यांनी केलं.

जुनी पेस्ट राखाडी, कडेला खपलीसारखी झाली होती. ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, शक्यतो ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे विचारा, बोर्ड धुवायला ते हेच वापरतात. पुसायला आम्ही लेन्सचं कापड घेतलं. टिश्यूचे तंतू मागे राहतात.

पेस्ट कुठली, यावर लोक फार डोकं लावतात. टीव्ही रिपेअरवाल्यांकडे डबीतली पांढरी पेस्ट मिळते, झिंक ऑक्साइडची. ती ट्रान्झिस्टरला ठीक आहे, पण रोज तासन्‌तास रेंडर होणाऱ्या प्रोसेसरला मी लावणार नाही. आर्क्टिक कंपनीची एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ कंपनीची एनटी-एच१ यांपैकी काहीही घ्या, दोन्ही वीजवाहक नाहीत, सांडली तरी शॉर्टची धास्ती नाही. आम्ही एमएक्स-४ घेतली. तिच्या नकली सिरिंजही बाजारात फिरतात, म्हणून आर्क्टिकच्या वेबसाइटवर खरेपणा तपासायची सोय आहे, ती वापरा. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या, म्हणजे पातळ धातूच्या, नादाला लागू नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि आमच्यासारख्या, प्रोसेसरसोबत येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरचं बूड ॲल्युमिनियमचंच आहे.

लावताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की पेस्ट धातूइतकी उष्णता वाहून नेत नाही. तिचं काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतली हवा हाकलण्याचं. त्यामुळे थर जितका पातळ तितका चांगला, पण कोपरे कोरडे राहता कामा नयेत. रायझन ३६०० च्या झाकणाखाली दोन चिप आहेत आणि गरम होणारी चिप मधोमध नाही, एका बाजूला आहे. म्हणून मी मध्ये मसुराएवढा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार बारके ठिपके दिले. बोटाने पसरवलं नाही. कूलर सरळ वरून ठेवला, परत उचलला नाही, आणि स्क्रू पुन्हा कोपऱ्याकोपऱ्याने, थांबेपर्यंत आवळले. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावायची.

आता त्याच खोलीत, त्याच उन्हाळ्यात, रेंडरला ८० च्या आसपास राहतं आणि वेग पडत नाही. अडकलेली लग्नं एकामागून एक बाहेर पडली.

सिरिंजमध्ये अजून बरीच पेस्ट आहे. टोपण घट्ट लावून कपाटात ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात पुतण्याचा कॉम्प्युटर खोलायचा आहे. त्याचा इंटेल, कंपनीच्या कूलरचा. तिथे स्क्रू नसून चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्या बाणाच्या दिशेने फिरवून सोडायच्या, आणि परत बसवण्याआधी उलट फिरवून मूळ जागी आणायला विसरायचं नाही, नाहीतर त्या अडकत नाहीत.